३६ युनिट, पण कोणत्या सिरिंजवर?

नर्सिंगच्या पुस्तकात सुयांचा धडा तक्त्याने सुरू होतो आणि तक्त्यावरच संपतो. गेज (म्हणजे सुईची जाडी), लांबी, रंग, कोन. मुली तो पाठ करतात, तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणतात आणि वॉर्डात आल्यावर ट्रेमध्ये जे हाताला लागेल ते उचलतात. म्हणून मी तक्ता नंतर देते, आधी खालचं प्रकरण देते. रुग्ण आणि गाव शिकवण्यासाठी रचलेले आहेत. पण त्यातलं गणित कुणीही कागदावर मांडून पाहावं, आणि ज्यांनी ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीची ड्यूटी केली आहे त्यांना हा घोळ ओळखीचा वाटेल.

रुग्ण ६६ वर्षांचे शेतकरी, वजन ५८ किलो. मधुमेह १४ वर्षांपासून, इन्सुलिन ३ वर्षांपासून. ३०/७० मिश्रण चालू, म्हणजे ३० टक्के लवकर काम करणारं साधं इन्सुलिन आणि ७० टक्के सावकाश काम करणारं, गढूळ दिसणारं. कागदावरचा डोस सकाळी ३६ युनिट, रात्री २०. त्या दिवशी साडेसातला इंजेक्शन घेतलं, मग चहा-भाकरी झाली आणि ते उसाला पाणी द्यायला गेले. साडेअकराच्या सुमारास शेजारच्या रानातल्या माणसाला ते बांधावर पडलेले दिसले. सदरा घामाने चिंब, बोलणं असंबद्ध. पडताना दगड लागून नडगीवर तीनेक सेंटिमीटरची जखम झालेली. त्या शेजाऱ्याला एवढं ठाऊक होतं की 'शुगरवाल्याला' गोड द्यायचं. त्याने गुळाचा खडा आजोबांच्या हातात कोंबला, थोडा तोंडातही घातला. नशीब म्हणायचं की तो श्वासनलिकेत गेला नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, हे गावोगाव सांगायची गोष्ट आहे. सव्वाबाराला जीप रुग्णालयात पोचली. सोबत मुलगा आणि बारावीत शिकणारी नात.

या माणसाला टोचलेली पहिली सुई सगळ्यात लहान होती, लॅन्सेट. साधारण २८ ते ३० गेजचं ते टोक बोटाच्या मधोमध मारायचं नसतं, कडेला मारायचं. मधल्या भागात मज्जातंतूंची टोकं दाट असतात आणि दिवसातून चार-चार वेळा टोचायचं झालं तर तिथली दुखरी जागा कामाला आडवी येते. पण इथे खरी अडचण वेगळी होती. बोटं गुळाने चिकट. त्यावरच टोचलं असतं तर ग्लुकोमीटरने रक्तासोबत गुळाचीही साखर मोजली असती आणि आकडा कदाचित १५० दाखवला असता. ड्यूटीवरच्या सिस्टरनी ओल्या कापसाने बोट स्वच्छ पुसलं, कोरडं केलं, मग टोचलं. आकडा आला ३४ मिलिग्रॅम. सत्तरच्या खाली गेलं की आपण हायपो म्हणतो. चौतीसला मेंदूला इंधन पुरत नाही.

आता शीर. सोबतच्या विद्यार्थिनीने ट्रेमधून निळं इंट्राकॅथ (शिरेत मऊ नळी ठेवून सुई काढून घेता येते ते) उचललं, २२ गेज, आणि हाताच्या पंजावर शीर शोधू लागली. घाम सुटलेला, हात गार, शिरा आत गेलेल्या, त्यामुळे जी दिसेल ती बारीक शीर आणि तिला साजेशी बारीक सुई, हा तिचा हिशेब चुकीचा नव्हता. साध्या सलाईनसाठी तो चाललाही असता. पण इथे जाणार होतं २५ टक्के डेक्स्ट्रोज. ते पाकासारखं दाट असतं, शिरेच्या आतल्या अस्तराला झोंबतं आणि शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि खालचं मांस जाळू शकतं. सिस्टरनी तिचा हात थांबवला, कोपराच्या खोबणीजवळची मोठी शीर घेतली आणि गुलाबी, २० गेजचं इंट्राकॅथ घातलं. सुई साधारण १५ ते ३० अंशांनी, तिरपं तोंड वर. रक्त चमकलं की सुई आणखी किंचित पुढे, मग सुई स्थिर ठेवून फक्त प्लॅस्टिकची नळी पुढे सरकवायची. नंतर सलाईनचा फ्लश, आणि फ्लश जाताना शिरेच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून फुगवटा येतो का ते पाहणं. एवढं झाल्यावरच डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली लावली. तिच्यात २५ ग्रॅम साखर असते.

गेजचा आकडा उलटा चालतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही सांगता येतं. आकडा मोठा, सुई बारीक. त्यातून होणारा फरक मात्र पाकिटावर छापलेला असूनही कुणी वाचत नाही. २२ गेजच्या निळ्या इंट्राकॅथमधून मिनिटाला साधारण ३५ मिली पाणी जातं, २० गेजच्या गुलाबीतून साधारण ६०, आणि १८ गेजच्या हिरव्यातून ९० च्या आसपास. हे आकडे पाण्याचे. दाट द्रव असेल तर सगळेच खाली येतात. म्हणून बाळंतपणातल्या रक्तस्रावात किंवा अपघातात हिरवं किंवा त्याहून जाड, १६ गेजचं करडं लागतं, आणि तान्ह्या बाळाला २४ गेजचं पिवळं पुरतं.

मुलगा मध्येच म्हणाला, "सिस्टर, ती फुलपाखरावाली सुई लावा ना, तिनं दुखत नाय." त्याच्या आईला कधीतरी स्काल्प व्हेन सेट लावलेला त्याने पाहिला होता. बटरफ्लाय खरंच सोयीची असते, नाजूक शिरेतून रक्त काढायला तर फारच. पण ती पोलादी सुई शिरेतच राहते, मऊ नळी नसते. हायपोतला माणूस शुद्धीवर येताना हातपाय झाडतो. त्या झटक्यात पोलादी टोक शीर फोडून बाहेर येणार आणि डेक्स्ट्रोज मांसात उतरणार. शीर मिळालीच नसती तर ग्लुकागॉन १ मिलिग्रॅम स्नायूत देता आलं असतं, पण ते अशा रुग्णालयांच्या कपाटात क्वचितच असतं.

दुसऱ्या सिस्टरनी त्याच वेळी दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. व्हॅक्युटेनरची २१ गेजची सुई, आधी जांभळ्या टोपणाची नळी एचबीए१सीसाठी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी), मग करडी प्रयोगशाळेतल्या साखरेसाठी. उपचार त्यासाठी थांबला नाही. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर ११८. आजोबांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो पाण्याच्या पाळीचा. विजेची वेळ संपली होती, मोटर कुणी बंद केली?

त्यानंतर जखम. जागा बधिर करणारं लिग्नोकेन बाटलीतून २१ गेजच्या हिरव्या सुईने काढलं, सुई बदलली आणि २६ गेजच्या तपकिरी सुईने जखमेच्या कडांना दिलं. एकच सुई का नाही? एक तर रबरी बुचातून गेलेलं टोक थोडं बोथट होतं, आणि २६ गेजने बाटलीतून औषध ओढत बसलं तर हवाच जास्त येते. डॉक्टरांनी वक्र कटिंग सुईने नायलॉनचे तीन टाके घातले. कातडी चिवट असते म्हणून कटिंग टोक. आतड्यासारख्या मऊ भागाला गोल टोकाची सुई लागते, कारण कटिंग टोक तिथे भोक मोठं करेल. मग दंडाच्या स्नायूत टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस), अर्धा मिली, २३ गेज, २५ मिलिमीटर, काटकोनात. खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली. टीटीच्या जागी आता टीडी आलं तरी लोक टीटीच म्हणतात, आपणही म्हणतो.

रंगांबद्दल इथेच सांगते, कारण या प्रकरणात रंगांनीच घात केला आहे. साध्या सुईचा गुलाबी रंग म्हणजे १८ गेज. इंट्राकॅथचा गुलाबी म्हणजे २० गेज. सुईचा हिरवा २१, इंट्राकॅथचा हिरवा १८. सुईचा निळा २३, इंट्राकॅथचा निळा २२. दोन वेगवेगळी आंतरराष्ट्रीय प्रमाणं, दोन वेगळे रंगतक्ते, आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी. केशरी रंगाचं तर विचारूच नका. सुईवर तो २५ गेज, इंट्राकॅथवर १४ गेज, आणि इन्सुलिन सिरिंजच्या टोपणावर त्याचा गेजशी काहीच संबंध नाही.

दुपारपर्यंत केसपेपरवर लिहिलं गेलं: इन्सुलिननंतर कमी खाणं, त्यामुळे हायपो. असं कारण लिहिलं की सगळ्यांची सुटका होते. रुग्णाला 'वेळेवर जेवा' सांगायचं आणि सोडायचं. आणि कारण खोटंही वाटत नव्हतं, भाकरी अर्धीच खाल्ली होती. पण सिस्टरना एक गोष्ट खटकली. मुलगा म्हणत होता की आजोबांची साखर 'कधीच तीनशेच्या खाली येत नाही', म्हणून वर्षभरात डोस दोनदा वाढला. ज्या माणसाची साखर ३६ युनिट घेऊनही तीनशे राहते, तो अर्धी भाकरी कमी खाल्ली म्हणून चौतीसवर येईल? अर्ध्या भाकरीत एवढी ताकद नसते. त्यांनी नातीला सांगितलं, घरी जा आणि इन्सुलिनचं जे काही असेल ते सगळं घेऊन ये. बाटली, सुया, कापूस, डबा, सगळं.

ती संध्याकाळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. सिस्टरनी पिशवीत हात घातला नाही, स्टीलच्या ट्रेमध्ये ती उलटी केली. बरंच झालं, कारण दोन सिरिंजना टोपण नव्हतं. ट्रेमध्ये पडलं ते असं: इन्सुलिनची १० मिलीची बाटली, लेबलवर ४० आययू (युनिट) प्रति मिली. केशरी टोपणाच्या काही वापरलेल्या सिरिंज. आणि लाल टोपणाची एक, त्याच सकाळी वापरलेली.

"ही लाल कुठून आली?"

"केशरी संपल्या होत्या. बाबांनी काल तालुक्याच्या दुसऱ्या दुकानातून आणल्या. आजोबांना बारीक दिसत नाही, म्हणून आज मीच भरून दिलं. ३६ वर आणलं तर जवळजवळ पूर्ण भरली. मला वाटलं पण, रोजच्यापेक्षा जास्त दिसतंय. पण आकडा तर बरोबर होता ना, सिस्टर."

आकडा बरोबर होता. पोरीने एकही चूक केली नव्हती.

भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिट या ताकदीचं असतं आणि त्यासाठीची सिरिंज लाल टोपणाची, एका मिलीवर ४० रेघांची. पेनच्या काडतुसात मात्र एका मिलीत १०० युनिट, आणि त्या ताकदीच्या बाटलीची सिरिंज केशरी टोपणाची, एका मिलीला १०० युनिटांच्या खुणा. म्हणजे सिरिंजवरचा 'युनिट' हे मुळात अंतर आहे. ते अंतर किती औषध दाखवतं हे बाटलीवर ठरतं. बाटली आणि सिरिंज यांची जोडी जुळली तरच ३६ म्हणजे ३६.

आजोबांची बाटली चाळीसची होती आणि तीन वर्षं सिरिंज शंभरची. शंभरच्या सिरिंजवर ३६ ची रेघ म्हणजे ०.३६ मिली. त्याला चाळीसने गुणा: १४.४ युनिट. रात्रीचे २० म्हणजे प्रत्यक्षात ८. वर्षभरापूर्वी सकाळचा डोस २० होता, म्हणजे ८. तो २८ केला, म्हणजे ११.२. मग ३६. दर वेळी डॉक्टर वाढवत होते आणि दर वेळी शरीरात वाढीच्या अर्ध्याहूनही कमी उतरत होतं. साखर हलत नव्हती म्हणून पुन्हा वाढ. त्या दिवशी पहिल्यांदाच जोडी जुळली आणि ०.९ मिली, पूर्ण ३६ युनिट आत गेलं. रोजच्या अडीचपट. तीन वर्षांत पहिल्यांदा बरोबर घेतलेल्या डोसने माणूस बांधावर आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी एचबीए१सी आलं, १०.८. हिशेब जुळला.

तरीही सिस्टर तिथे थांबल्या नाहीत आणि मला या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यांनी पोट तपासलं. नुसतं पाहून काही कळत नव्हतं, म्हणून आजोबांना आडवं करून, हाताला थोडी जेली लावून बोटं गोल फिरवली. बेंबीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढा भाग रबरासारखा घट्ट लागला, कडेला मऊ कातडी. ही लायपोहायपरट्रॉफी, म्हणजे त्याच जागी पुन्हा पुन्हा इन्सुलिन गेल्याने वाढलेली चरबी. तिच्यात टोचलेलं इन्सुलिन कधी अडकून बसतं, कधी अचानक सुटतं. रुग्णाला ती जागा आवडते, कारण तिथे दुखत नाही. आजोबाही म्हणाले, "तिथं टोचलं की कळतबी नाय, म्हणून तिथंच घेतो." नातीने मात्र सकाळी त्यांना उजव्या बाजूला टोचलं होतं, कारण ती त्या बाजूला बसली होती.

म्हणजे एकाच सकाळी दोन गोष्टी बदलल्या, सिरिंज आणि जागा. हायपो कशामुळे? माझ्या मते एकट्या सिरिंजचं गणितच पुरेसं आहे. अडीचपट डोस, वर कष्टाचं काम आणि अर्धी भाकरी. निरोगी जागेमुळे ते औषध आणखी लवकर आणि पूर्णपणे लागू पडलं असणार. पण वर्गात हा प्रश्न मी उघडा ठेवते, कारण मुली यावर भांडतात आणि भांडता भांडता पोट तपासायला शिकतात.

सुई किती वेळा वापरता, या प्रश्नाला उत्तर होतं: "दुखायला लागली की बदलायची." एक सिरिंज आठ-दहा दिवस. ३१ गेजची सुई जाडीला पाव मिलिमीटर असते. तिच्या टोकावरचा सिलिकॉनचा लेप पहिल्या-दुसऱ्या टोचण्यातच झिजतो आणि आजोबा तर ती स्पिरिटने पुसत होते, त्यामुळे उरलेलाही जायचा. टोक वाकतं, कातडीला इजा होते आणि अशा गाठी व्हायला तेही एक कारण ठरतं. सिरिंज एकदाच वापरायची असते, हे पाकिटावर छापलेलं आहे. पण मी हे सांगताना आवाज चढवत नाही. दिवसाला दोन सिरिंज म्हणजे महिन्याला साठ, आणि ज्याचं पोट उसाच्या बिलावर चालतं तो काटकसर करणारच. या पिढीने घरोघरी काचेची सिरिंज पातेल्यात उकळून वर्षानुवर्षं वापरलेली पाहिली आहे. त्यांना 'एकदा वापरून फेका' हे उधळपट्टीसारखं वाटतं. त्यांना वाकलेलं टोक भिंगातून दाखवलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे सरकारी दवाखान्यातून सिरिंज मिळतात का याची चौकशी त्यांच्या वतीने आपण करणं.

लांबीचाही प्रश्न होता. केशरी सिरिंजची सुई ८ मिलिमीटर होती आणि आजोबा अंगाने काटक. माणूस जाड असो की बारीक, कातडीची जाडी साधारण दोन-अडीच मिलिमीटरच असते. बदलते ती खालची चरबी. बारीक माणसाला ८ मिलिमीटरची सुई चिमटा न घेता सरळ मारली तर ती चरबी ओलांडून स्नायूत जाऊ शकते आणि स्नायूतून इन्सुलिन वेगाने शोषलं जातं. ६ मिलिमीटरच्या सुईलाही बारीक माणसात चिमटा घ्यावाच. चिमटा अंगठा आणि दोन बोटांनी, कातडी आणि चरबी एवढीच उचलायची. सगळ्या पंज्याने मूठभर धरलं तर स्नायूही वर येतो.

आता, हे तीन वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही? डॉक्टरांनी कागदावर फक्त '३६-०-२०' लिहिलं. दुकानदाराला 'इन्सुलिनची सुई' मागितली गेली, त्याने हाताशी होती ती दिली. ओपीडीत सिस्टरनी विचारलं, "किती घेता?" आजोबा म्हणाले, "छत्तीस." प्रत्येकाने प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला खरं उत्तर मिळालं. कुणी 'दाखवा' म्हटलं नाही. नर्सिंगच्या प्रक्रियेत आपण 'रुग्णाने तंत्र सांगितले' आणि 'रुग्णाने तंत्र करून दाखवले' असे दोन वेगळे शेरे लिहायला शिकवतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पहिलाच शेरा पडतो, कारण ओपीडीत मागे पन्नास माणसं उभी असतात. मला त्या सिस्टरना दोष द्यायचा नाही. पण रुग्णाने आपली बाटली आणि सिरिंज प्रत्येक भेटीला सोबत आणायची आणि आपण त्यावर एक नजर टाकायची, याला अर्धा मिनिट लागतो.

खरी तक्रार बाजाराबद्दल आहे. एकाच औषधाच्या दोन ताकदी आणि दोन सिरिंज, त्याही एकाच काउंटरवर, हा सापळा आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात शंभरच्या ताकदीचं इन्सुलिन आणलं गेलं ते अशाच गोंधळातून बाहेर पडायला, आणि बऱ्याच देशांनी तोच मार्ग धरला. आपल्याकडे दोन्ही चालू आहेत. तोवर चिठ्ठीवर 'युनिट'सोबत 'चाळीसची बाटली, लाल सिरिंज' एवढे चार शब्द लिहिण्याची सवय डॉक्टरांना लावणं, हे काम सिस्टरच करू शकतात. फाइल त्यांच्याच हातातून जाते.

रुग्णालयात आजोबा दोन रात्री राहिले. मिश्रणातला सावकाश भाग बारा तासांहून जास्त काम करत राहतो, त्यामुळे ११८ पाहून घरी पाठवलं असतं तर संध्याकाळी जीप पुन्हा आली असती. १० टक्के डेक्स्ट्रोजचा ड्रिप आणि तासातासाला ग्लुकोमीटर. दर तासाला वेगळं बोट, आणि कडेलाच. पहाटे तीनला ७६ आलं तेव्हा दूध-बिस्किटं दिली. त्या रात्रीचं इन्सुलिन डॉक्टरांनी थांबवलं होतं.

नवा डोस ठरवताना डॉक्टरांनी कागदावरच्या ३६ कडे पाहिलंच नाही. शरीराला प्रत्यक्षात काय मिळत होतं तिथून सुरुवात केली: लाल सिरिंजवर सकाळी १४, रात्री ८. शिवाय आता गाठ सोडून निरोगी जागी टोचायचं होतं, तिथे तेवढंच इन्सुलिन जास्त लागू पडतं, म्हणून लगेच वाढ नाही. आठवड्याने साखर पाहून दोन-दोन युनिटांनी पुढे. मुलगा घाबरला, "३६ वरनं एकदम १४?" त्याला समजवायला सिस्टरनी दोन्ही सिरिंजमध्ये पाणी भरून शेजारी धरल्या. केशरीत ३६ वर आणि लालमध्ये १४ वर दट्ट्या आणला. पाणी जवळजवळ सारखंच. त्याने दोन्ही हातात घेऊन पाहिल्या आणि पुढे काही विचारलं नाही.

शिकवणं नातीला आणि आजोबांना दोघांनाही झालं, आणि करून दाखवायला लावून. बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांमध्ये दहा वेळा फिरवायची, दहा वेळा सावकाश वरखाली करायची, दुधासारखं एकसारखं दिसेपर्यंत. पोटाचे चार भाग, दर आठवड्याला एक, आणि त्या भागातही आधीच्या जागेपासून बोटभर अंतर. गाठीच्या जागेवर पेनाने गोल काढून दिला. तिथे काही महिने सुई नाही. आजोबांना टोचणं पुन्हा दुखू लागलं तेव्हा त्यांना ते वाईट लक्षण वाटलं. ते चांगलं आहे, हे दोनदा सांगावं लागलं. खिशात साखरेच्या पुड्या, आणि त्या शेजाऱ्यालाही निरोप: शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच तोंडात गोड, नाहीतर कुशीवर वळवून थेट दवाखाना.

ट्रेमधल्या त्या टोपण नसलेल्या सिरिंजबद्दल थोडं. विद्यार्थिनीने त्यांना टोपण बसवायला हात पुढे केला होता. वापरलेल्या सुईला टोपण लावताना हात टोचणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात टाळता येण्याजोगी इजा आहे. अशा टोचण्यातून एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण ०.३ टक्के, हेपटायटिस सी चा त्याहून जास्त, आणि लस न घेतलेल्या माणसाला हेपटायटिस बी चा तर ३० टक्क्यांपर्यंत. टोचलंच तर साबण-पाण्याने धुवायचं, जखम पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठी पीईपी (लागण टाळायची औषधं) जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. इन्सुलिन सिरिंजची सुई सिरिंजलाच जोडलेली असते, वेगळी निघत नाही, म्हणून २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती अख्खी सिरिंज पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाते. साध्या सिरिंजची सुई मात्र हब कटरमध्ये कापायची आणि नळी लाल पिशवीत. घरी काय? आजोबा वापरलेल्या सुया गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकत. म्हशी तिथेच बसतात, पोरं तिथेच खेळतात. नातीला जाड प्लॅस्टिकचा झाकणवाला डबा वापरायला सांगितला, भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून उपकेंद्रात आणून द्यायचा.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.१. डोस तोवर सकाळी २०, रात्री १२. गाठ हाताला मऊ लागू लागलेली. आजोबांना बारीक रेघा दिसत नाहीत आणि नात कॉलेजला पुण्याला जाणार, म्हणून डॉक्टरांनी पेन सुचवलं. पेनला आकडा खिडकीत मोठा दिसतो, टक-टक आवाजावर मोजता येतो. सुई ४ मिलिमीटर, ३२ गेज, सरळ काटकोनात. बहुतेकांना चिमट्याचीही गरज नाही. सुई बसवल्यावर आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का पाहायचं, टोचल्यावर बटण दाबून मनात दहा मोजायचं, मगच बाहेर. सुई पेनवर तशीच ठेवायची नाही, नाहीतर हवा आत जाते आणि औषध गळतं.

त्या दिवशी सिस्टरनी घरी उरलेल्या सगळ्या लाल सिरिंज परत मागवल्या. पेन बिघडलं किंवा पेनची सुई संपली की लोक काडतुसात सिरिंज खुपसून इन्सुलिन ओढतात. काडतूस शंभरचं. लाल सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. आजोबांची केशरी सिरिंज चुकीची होती तेव्हा तीन वर्षं साखर वाढत राहिली. ही चूक उलटी झाली असती तर निर्णय एका सकाळीच लागला असता.